संन्यासी हेडमास्तर

गुरू आणि शिष्य यांच्या नात्यावर लिहायचे म्हटले की आपल्याकडे द्रोणाचार्य आणि एकलव्यापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. ती प्रथा मी या लेखापुरती मोडते आहे. शिकवण्याआधी जात विचारणारा आणि न शिकवलेल्या विद्येबद्दल अंगठा मागणारा गुरू मला लहानपणापासून कधीच पटला नाही. शिवाय इतक्या दूर जाण्याची गरजही नाही. आपल्याच हैदराबाद संस्थानात, पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात, एक हेडमास्तर होऊन गेले. त्यांनी शिष्यांकडून काही मागितले नाही असे मी म्हणणार नाही. त्यांनी फार मोठी गोष्ट मागितली, पण ती आधी स्वतः दिली होती. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचे नाव हैदराबादच्या मराठी माणसाला नवीन नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात, रझाकारांच्या आठवणी निघतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. पण सेनानी होण्याआधी नऊ वर्षे ते शाळामास्तर होते, ही गोष्ट भाषणात एका वाक्यात उरकली जाते. मला ते वाक्य पुरेसे वाटत नाही. त्यांच्या मास्तरकीतूनच त्यांचे सेनापतिपद आले अशी माझी समजूत झाली आहे, आणि ती मी येथे मांडणार आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सिंदगी हे कानडी मुलखातले गाव. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलांची त्या भागात आजही वाण नाही. माझी आई कलबुर्गीची असल्यामुळे हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आमच्या तारनाक्याच्या घरात भाजीचा हिशेब कन्नडमध्ये होतो आणि रागावणे मराठीत होते. म्हणून आपल्या अंकाच्या मराठी विभागाइतकाच कन्नड विभागाचाही स्वामीजींवर हक्क आहे, हे मी आरंभीच कबूल करते.

व्यंकटेशचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक वारले तेव्हा तो सतरा वर्षांचाही झाला नव्हता. त्या बातमीने हादरलेल्या या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशाचे काम करण्याची प्रतिज्ञा केली. सोळा-सतराव्या वर्षी प्रतिज्ञा पुष्कळ जण करतात. व्यंकटेशने ती पुढची बावन्न वर्षे पाळली, हे त्याचे वेगळेपण. असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शिक्षण सोडले आणि राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्याने उच्च शिक्षण घेतले आणि लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. ज्या राज्यात पुढे आयुष्य घालवायचे होते तेथे लोकशाहीचा मागमूसही नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे विषयाची ही निवड अर्थपूर्ण वाटते.

पुढे काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले. जोशी हे आयटक या कामगार संघटनेच्या संस्थापकांपैकी एक आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद. त्यांच्या हाताखाली कामगारांचे प्रश्न, कागदपत्रे, कायदेमंडळाचे कामकाज हे सारे जवळून पाहायला मिळाले. एखाद्या महत्त्वाकांक्षी तरुणाला याहून चांगली सुरुवात ती कोणती? पण प्रकृती ढासळली, आणि १९२९ साली हे एम.ए. झालेले गृहस्थ हिप्परगा नावाच्या खेड्यात राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होऊन आले. हिप्परगा म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले, लोहारा तालुक्यातले गाव. दिल्लीहून हिप्परगा! व्यवहारी माणसाने या निर्णयाला खोटीचा सौदाच म्हटले असते.

हा निर्णय समजण्यासाठी त्या वेळच्या शिक्षणाची स्थिती थोडी पाहिली पाहिजे. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. म्हणजे बहुसंख्य प्रजेच्या घरी या तीनपैकी एक भाषा बोलली जाई. पण राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणाचीही उर्दूच. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आपल्या देशातील एका भाषेत संपूर्ण विद्यापीठ चालवून दाखवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे श्रेय उस्मानियाला दिलेच पाहिजे. पण ज्याच्या घरी उर्दू नव्हती त्याला त्याचा लाभ घेण्यासाठी आधी एक डोंगर चढावा लागे. खेड्यातला मराठी मुलगा शाळेत जाई तेव्हा त्याला विषय कळत नसे, की विषयाची भाषा कळत नसे, हे ओळखायला कुणाला सवड नव्हती. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे.

अशा स्थितीत संस्थानातील काही जाणत्या मंडळींनी स्वतःच्या भाषेतल्या शाळा काढल्या. १९०७ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनी सुरू झाली. त्याच सुमारास गुलबर्ग्यात नूतन विद्यालय उभे राहिले. केशवराव कोरटकरांसारख्या वकिलांनी त्यासाठी आपली प्रतिष्ठा खर्ची घातली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, असहकाराच्या लाटेत जन्मलेली. मातृभाषेत शिक्षण, सूतकताई, अंगमेहनत, शिक्षक आणि मुले यांचे एकत्र राहणे, ही राष्ट्रीय शाळांची सर्वसाधारण रीत. सरकारी अनुदान नाही आणि शेवटी हातात पडणाऱ्या दाखल्याला सरकारदरबारी किंमतही नाही.

येथे मी थोडी थांबते, कारण वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून माझ्या मनात लगेच एक प्रश्न येतो. ज्या शाळेच्या दाखल्यावर नोकरी मिळत नाही त्या शाळेत आईबाप मुलाला कशाच्या भरवशावर घालत असतील? इमारत पाहून? ती साधीच असणार. निकाल पाहून? तो सरकार मानत नाही. मला याचे एकच उत्तर दिसते: शिक्षकाच्या भरवशावर. दाखल्याची किंमत सरकार ठरवते, पण माणसाची किंमत गावाला कळते. मुख्याध्यापक स्वतः वरचे शिक्षण आणि दिल्लीतले काम सोडून आपल्या मुलांमध्ये राहायला आला आहे, त्याला संसार नाही, जमीनजुमला नाही, बढती नाही, हे गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसत होते.

हिप्परग्याच्या मुक्कामातच त्यांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील गुरूंकडून दीक्षा घेऊन व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेणारा माणूस साधारणपणे जगाकडे पाठ फिरवतो आणि हिमालयाचा किंवा काशीचा रस्ता धरतो. हे संन्यासी दीक्षा घेऊन पुन्हा शाळेतच आले. फळ्यासमोर भगव्या वस्त्रातला हेडमास्तर उभा आहे, असे ते विलक्षण दृश्य मी कितीदा तरी डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे. संन्यास आणि शाळा यांत त्यांना विरोध दिसला नाही. ज्याला स्वतःचे मूल नाही त्याला वर्गातले प्रत्येक मूल सारखेच जवळचे होऊ शकते, असा त्याचा एक अर्थ मी लावते.

मुलाजवळ असणे म्हणजे काय, हे मला माझ्या एका बाईंमुळे थोडेफार माहीत आहे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले. तिसरीत माझे पाढे चालत नसत. एकवीस ते तीस या आकड्यांत मी हमखास अडखळे, आणि मराठीतले एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास तर मला शत्रूसारखे वाटत. वर्गात मी मठ्ठ ठरत चालले होते. एकदा मधल्या सुट्टीत मी सागरगोटे मोजत होते ते बाईंनी ऐकले. मी मोजत होते ते कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. घरी आईने आकडे कन्नडमध्ये शिकवले होते आणि मी मनातल्या मनात प्रत्येक आकड्याचे भाषांतर करत होते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला आईकडून कन्नडमधल्या मग्गी, म्हणजे पाढे, पाठ करून यायला सांगितले आणि पंधरा दिवस माझे पाढे कन्नडमध्ये ऐकले. त्यांना स्वतःला कन्नड येत नव्हते; समोर मराठी पाढ्यांचे पुस्तक ठेवून त्या बोटाने उत्तर तपासत आणि चुकले असे वाटले तर मला पुन्हा म्हणायला लावत. नंतर मराठी पाढे आपोआप आले. आज मी जमाखर्च शिकते आहे त्याचा पाया त्या पंधरा दिवसांत घातला गेला. बाईंनी काही नवी पद्धत काढली नव्हती. या मुलीचे अडते कुठे हे पाहण्याइतक्या त्या माझ्याजवळ आल्या होत्या, इतकेच. पण ते इतकेच म्हणजेच सर्व काही असते.

आता पुन्हा स्वामीजींकडे वळते. १९३५ मध्ये ते हिप्परगा सोडून अंबाजोगाईला आले. या गावाचे तेव्हाचे सरकारी नाव मोमिनाबाद. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावात १९१७ पासून योगेश्वरी विद्यालय चालू होते. स्वामीजी तेथे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना शिक्षणाच्या कामात लाभले आणि तेच पुढे लढ्यातही बरोबर राहिले. अंबाजोगाई हे तेव्हा बीड जिल्ह्यातले विद्येचे केंद्र बनत होते. मराठवाड्याच्या गावोगावची मुले तेथे शिकायला येऊ लागली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला शिकवणारा शिक्षक पुरत नाही, विचारपूस करणारा वडीलधारा लागतो. संन्यासी हेडमास्तर त्यांना तसा मिळाला.

तीनच वर्षांत मात्र कसोटीचा प्रसंग आला. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते आणि संस्थानातील मराठी जनता हळूहळू बोलू लागली होती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना व्हायच्या आतच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्याविरुद्ध ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला, सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांची हेडमास्तरकी संपली.

या ठिकाणी चरित्रकार बहुधा टाळ्या वाजवून पुढे जातात. मला तसे पुढे जाववत नाही. ज्या मुलांनी या माणसाच्या भरवशावर शाळा धरली त्यांचे काय झाले असेल? वर्षाच्या मध्यावर हेडमास्तर निघून गेले, हा त्या मुलांच्या दृष्टीने तोटाच नव्हे काय? आपल्यापैकी ज्यांचे आवडते सर बदली होऊन गेले असतील त्यांना हा प्रश्न पोकळ वाटणार नाही. मी पुष्कळ विचार केला आणि अशा निष्कर्षाला आले की तोटा खराच होता, पण फसवणूक नव्हती. जो शिक्षक मुलांना एक सांगतो आणि वेळ आल्यावर दुसरेच करतो, तो वर्गात रोज हजर राहिला तरी मुलांना सोडूनच गेलेला असतो. स्वामीजींनी मुलांना जे शिकवले होते ते स्वतः करण्याची वेळ आली तेव्हा ते मागे राहिले नाहीत. मुले शिक्षकाचे शब्द विसरतात, त्याचे वागणे विसरत नाहीत.

याच सुमारास आमच्या तारनाक्याला लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठात जे घडले ते सर्वश्रुत आहे. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत, त्याला बंदी झाली. औरंगाबादच्या कॉलेजातही हाच संघर्ष पेटला होता. विद्यार्थ्यांनी बंदी मानली नाही आणि त्यांची नावे विद्यापीठातून काढून टाकण्यात आली. शेकडो मुलांचे शिक्षण एका हुकुमाने थांबले. संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. या मुलांना नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी आपल्याकडे प्रवेश दिला. माझ्या मते त्या वर्षीचे सर्वांत मोठे शिक्षकाचे काम हेच. परक्या मुलखातल्या, बंडखोर ठरलेल्या मुलांना दार उघडून देण्यासाठी त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तो ठेवला गेला म्हणून कितीतरी आयुष्ये मार्गी लागली. त्या मुलांमध्ये तेलंगणातला एक तरुण होता. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. नागपुरात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९९१ मध्ये तो भारताचा पंतप्रधान झाला.

नरसिंह राव स्वामीजींच्या शाळेत कधी बसले नव्हते. तरी ते त्यांना आपले गुरू मानत. लढ्याच्या अखेरच्या पर्वात चांद्याच्या सीमा-शिबिरात त्यांनी काम केले आणि पुढे स्वामीजींच्या स्मृतिकार्यात पुढाकार घेतला. तेलुगू मातृभाषेच्या या माणसाने ह. ना. आपट्यांची पण लक्षांत कोण घेतो ही कादंबरी तेलुगूत नेली, हेही येथे सांगण्याजोगे आहे. कानडी मुलखात जन्मलेला मराठी गुरू आणि मराठी कादंबरी वाचणारा तेलुगू शिष्य! आमच्या हैदराबादच्या मातीत हे असेच उगवते.

१९३८ नंतरच्या दहा वर्षांचा इतिहास मी थोडक्यात सांगते, कारण तो इतरत्र विस्ताराने मिळतो. १९४० मध्ये गांधीजींच्या संमतीने वैयक्तिक सत्याग्रह आणि पुन्हा तुरुंग. १९४२ मध्ये पुन्हा अटक. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील व्हा ही मागणी घेऊन संस्थानभर दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना हैदराबादेत पकडण्यात आले. मधल्या थोड्या सुटकेनंतर जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतरच स्वामीजींची सुटका झाली.

या साऱ्यात मला एक गोष्ट विशेष वाटते. सेनानी बहुतेक काळ गजाआड, आणि लढा मात्र थांबला नाही. असे का व्हावे? स्वामीजींच्या भोवतालची माणसे पाहिली की उत्तर मिळते. गोविंदभाई श्रॉफ हे औरंगाबादेत गणिताचे शिक्षक होते. बाबासाहेब परांजपे शिक्षक. गावोगावचे कार्यकर्ते म्हणजे शाळा-कॉलेजे सोडून आलेले विद्यार्थी आणि त्यांचे तरुण मास्तर. म्हणजे पुढारी आणि अनुयायी यांच्या संघटनेत जेथे हुकूम चालतो तेथे येथे शिक्षक आणि विद्यार्थी यांचा विश्वास चालत होता. चांगल्या वर्गाची खूण अशी की शिक्षक बाहेर गेला तरी वर्ग चालू राहतो. या कसोटीला स्वामीजींचा तो मोठा वर्ग पूर्णपणे उतरला.

तरीही जमाखर्च मांडायचा तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. या नात्यात बळ असते तशी जोखीमही असते. ज्याच्यावर मुले इतका विश्वास टाकतात तो त्यांना कोठेही नेऊ शकतो. शिक्षण सोडलेल्या सगळ्याच मुलांना नागपूर सापडले नाही. काहींची वर्षे गेली, काही रझाकारांच्या काळात जिवाला मुकले, काही स्वातंत्र्यानंतर अर्धवट शिक्षण घेऊन छोट्यामोठ्या कामाला लागले. म्हणून शिक्षकावर दुहेरी जबाबदारी येते. शिष्याकडून मागताना त्याने आपले ताट आधी रिकामे केलेले असावे, आणि काम झाल्यावर शिष्याचे शिक्षण पुरे होईल याची तजवीज करावी. स्वामीजींनी पहिली गोष्ट केली होती हे आपण पाहिले. दुसरीही त्यांनी केली, आणि ती कमी प्रसिद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतर ते १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले. एकदा कन्नड जिल्ह्यातून आणि एकदा मराठी जिल्ह्यातून! संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे असा त्यांचा आग्रह होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते झाले. मंत्रिपद मात्र त्यांनी कधी घेतले नाही. त्यांचे मन पुन्हा शाळा-कॉलेजांकडेच वळले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागे स्वामीजींची प्रेरणा होती. गोदावरीकाठच्या मुलाला कॉलेजसाठी हैदराबाद गाठावे लागे, ते आता गावात आले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत नांदेडच्या मुलांची पदवी उस्मानियाचीच असे. म्हणजे काही वर्षांपूर्वी ज्या विद्यापीठाने मराठी मुलांची नावे काढली होती, तेथूनच आता त्यांची प्रमाणपत्रे निघू लागली.

या पीपल्स कॉलेजच्या इतिहासात एक नाव असे आहे की ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. नरहर कुरुंदकर हे शिकण्यासाठी हैदराबादेत आपले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे होते. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. मामांच्या घरातल्या पुस्तकांत रमलेला हा भाचा इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाला. परीक्षेने त्याला नाकारले, पण माणसांनी नाकारले नाही. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत तो शिक्षक झाला, सावकाश पदव्या मिळवल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाला आणि १९७७ मध्ये त्याच कॉलेजचा प्राचार्य. १९८२ मध्ये कुरुंदकर वारले तेव्हा त्यांचे विद्यार्थी साऱ्या मराठवाड्यात पसरले होते. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलाला कोणीतरी जवळचे माणूस सांभाळून घेते तेव्हा समाजाचा किती फायदा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आजकाल या गोष्टी आकड्यांनीही सिद्ध केल्या जातात. जॉन हॅटी या न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञाने आठशेहून अधिक संशोधन-आढाव्यांचे निष्कर्ष एकत्र करून २००९ च्या सुमारास एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांच्या प्रगतीला हातभार लावणाऱ्या गोष्टींत शिक्षक-विद्यार्थी संबंधांचे स्थान बरेच वरचे आहे, वर्गातली संख्या थोडी कमी करण्याचा परिणाम त्या मानाने बराच कमी, असे त्यात दिसते. त्याच वर्षी आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा झाला. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे त्यात आहे. ही तरतूद चांगलीच आहे. पण कायदा तीस मुलांमागे एक शिक्षक देऊ शकतो, त्या शिक्षकाला तिसाव्या मुलाचे नाव पाठ असावे असे कायदा करू शकत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा अर्थ चांगला कळतो. दहावीनंतर आपण एकदम इंग्रजीत जाऊन पडतो. माझ्या अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी एका तासाला डेबिट म्हणजे काय असे विचारले तेव्हा शिकवणारे हसले आणि पाठोपाठ वर्ग हसला. त्यानंतर त्या तासाला मी वर्षभर तोंड उघडले नाही. कॉमर्स सोडावे, एवढेच नव्हे तर शिक्षणच सोडावे, असे त्या दिवसांत मनात येई. घरी सांगायची सोय नव्हती, कारण फी भरून झाली होती. पुढच्या वर्षी दुसरे सर आले. ते तेलुगू भाषक. त्यांनी मला विचारले की तुमच्या भाषेत याला काय म्हणतात. मी नावे आणि जमा असे सांगितले. त्यांनी ते दोन्ही शब्द फळ्यावर तेलुगू लिपीत लिहिले, जमा हा शब्द तेलुगूतही आहे असे वर्गाला दाखवले आणि पुढे शिकवू लागले. दोन मिनिटांचे काम. पण त्या दोन मिनिटांत माझी मराठी शाळा, माझ्या बाई, माझे सगळे मागचे शिक्षण पुन्हा खरे ठरले. मी कॉमर्स सोडले नाही, आणि आज या अंकात लिहिते आहे.

परक्या भाषेतल्या शाळेपुढे उभे असलेले मूल आजही आहे. शंभर वर्षांपूर्वी ती भाषा उर्दू होती, आज इंग्रजी आहे. डोंगर तोच, नाव बदलले. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. शिकलीच पाहिजे. पण डोंगर चढताना हात धरणारे माणूस हवे, आणि ते माणूस मुलाच्या भाषेला हसणारे नसावे, एवढीच मागणी आहे. हिप्परग्याच्या संन्यासी हेडमास्तरांनी, माझ्या बाईंनी आणि त्या तेलुगू सरांनी निरनिराळ्या काळात एकच काम केले. मुलगा किंवा मुलगी जेथे उभी आहे तेथे ते आधी गेले, आणि मग तिला पुढे घेऊन आले.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत वारले. त्यांच्या नावाने आज नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. हैदराबादेत बेगमपेठेत त्यांचे स्मारक आहे. आमच्या तारनाक्याच्या मेट्रो स्टेशनवरून गाडी न बदलता बेगमपेठेला जाता येते. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी एखाद्या सुट्टीत जरूर जावे. आणि कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणींना व मित्रांना एक विनंती आहे. सिंदगीच्या या मुलावर पुढच्या अंकात तुम्ही कन्नडमधून लिहा. माझ्या आईला तो लेख मी वाचून दाखवीन, आणि माझ्या शाळेतल्या बाईंना त्याचे मराठी करून पाठवीन.